कंसातलं नाव

१

मॅरेन क्विस्ट कॉलेजच्या ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या दालनात, आपल्याच निबंधावर पालथी पडली होती. पुस्तकं टेकवायचा ओतीव लोखंडाचा ठोकळा तिच्या डोक्याशी पडला होता आणि त्याच्या कडेला केस चिकटले होते. मारणाऱ्यानं एकदा मारून सोडलं नव्हतं. पोर खाली पडल्यावरही तो मारत राहिला होता, इतका की रक्ताचे शिंतोडे वरच्या फळीवरच्या गठ्ठ्यांपर्यंत उडाले होते. हाताची दोन नखं मुळापासून उलटली होती. ती लढली होती.

जोलीन रौटिओ गुडघ्यावर बसली. जिल्हा पोलिसांत तिची बारा वर्षं गेली होती. मॅरेनच्या एका पायात निळा मोजा होता आणि दुसऱ्या पायात हिरवा. सकाळी घाईघाईत हेल्मीला, स्वतःच्या लेकीला, जोलीननंही असेच विजोड मोजे घातले होते.

लॅपटॉप कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये पाण्यात बुडवलेला होता, वरून ठेचलेला. अंगाखालचे कागद रक्तानं भिजून एकमेकांना चिकटले होते. प्रयोगशाळेतल्या माणसानं ते चिमट्यानं उचलले आणि मान हलवली.

"हे सुटे करायला वेळ लागेल. घाई केली तर लगदा होईल."

"सगळी पानं आहेत?"

"शेवटचं नाही. हिसडून फाडलंय. हे बघा, पिनेखाली कोपरा राहिलाय."

जोलीन त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. निबंधच नाहीसा करायचा असता तर त्यानं सगळाच नेला असता. पोरीला पालथं घालायची, लॅपटॉप फोडायची ताकद होती त्याच्यात, मग चार पानं ओढून काढायची नव्हती? त्यानं फक्त शेवटचं पान नेलं होतं. बाकीची पानं त्याला बिनकामाची वाटली होती.

एवढ्यात जिन्यावरून हवालदाराची हाक आली. "बाई, वर या. एक पोरगा सापडलाय. कोपरापर्यंत रक्तानं माखलाय."

२

पोरगा म्हणजे टोबिन स्ट्रँड, कॉलेजच्या कुस्तीच्या संघातला. मॅरेनबरोबर हिंडायचा, तिच्याच वर्गात होता. खुर्चीवर बसून तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"मी उचललं तिला, मॅडम. मला वाटलं, श्वास चालू आहे."

"काल तुमचं भांडण झालं. खाणावळीत सगळ्यांनी ऐकलं."

"भांडण कसलं! ती हसत होती मला." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "फोर्तिए बाईंनी माझ्या निबंधाचे गुण कापले. मी आजोबांशी बोललो होतो ना, ते शेवटच्या संदर्भांच्या यादीत टाकलं म्हणून. मॅरेन म्हणाली, 'अरे बैला, पहिल्याच तासाला सांगितलं होतं ते.' मी ट्रे आपटला. एवढंच."

"आणि तिचा निबंध कशावर होता?"

"कोरीन डालवर."

जोलीनचं पेन थांबलं. ग्रॅनाइट पॉइंटमध्ये वाढलेल्या प्रत्येकीला ते नाव माहीत होतं. जोलीनच्या जन्माआधी या कॉलेजच्या होड्यांच्या शेडमध्ये कोरीन डाल नावाच्या विद्यार्थिनीला कुणीतरी वल्ह्यानं मारलं होतं. इतकं, की आईनं तिला अंगठीवरून ओळखलं. तिच्या मित्राला, एका मालवाहू बोटीवरच्या खलाशाला, पकडलं होतं. त्यानं कोठडीत गळफास घेतला आणि गावानं फाइल मिटवली.

"मॅरेन म्हणायची, खलाशानं नाही मारलं," टोबिन म्हणाला. "तिला कुणीतरी भेटलं होतं. त्या रात्री शेडमध्ये असलेलं माणूस. कोण ते मलासुद्धा नाही सांगितलं."

ही बातमी आणखी कुणाला ठाऊक होती, हे समाजशास्त्र शिकवणाऱ्या, हेच निबंध तपासणाऱ्या नदीन फोर्तिए बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझंच तोंड नडलं. परवा जेवताना मी शिक्षकांच्या टेबलावर मिरवलं की माझ्या एका पोरीनं जिवंत साक्षीदार शोधलाय. साहित्य विभागाचा ॲल्डन होता, आणखी दोघं होते, पण ते दोघं त्याच दुपारी शिकागोला गेले परिषदेला."

"तुमच्याकडे प्रत असेल ना?"

"आहे. पण विद्यार्थ्याचं लिखाण बाहेर द्यायला घरच्यांची सही लागते. तिचे आईवडील विमानात आहेत. मी वाचलंही नाही हो अजून. आले तसे गठ्ठ्यात पडलेत."

"बाई, एक पोरगी मेलीय."

"आणि अजूनही ती माझी विद्यार्थिनी आहे," फोर्तिए म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं.

ॲल्डन व्हिटकॉम मात्र रडणाऱ्यांतले नव्हते. साहित्याचे विभागप्रमुख, सगळं आयुष्य याच कॉलेजात गेलेलं. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी जोलीनला कॉफी दिली.

"रौटिओ? तळ्याकाठचे रौटिओ, ज्यांच्याकडे ती वाफेच्या अंघोळीची जुनी लाकडी सौना आहे?"

"तेच. आई नि मी, आणि माझी लेक."

"छान, छान. नदीनच्या त्या साक्षीदाराचं म्हणाल तर मी हसलो होतो. पोरं हल्ली काहीही ठोकून देतात, बाईसाहेब. माझ्या वर्गात एकच कायदा. ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचं नाव शेवटच्या पानावर, यादीत. तिथं नसेल, तर ऐकलंच नाही असं मी धरतो."

"मॅरेन तुमच्या वर्गात होती?"

"छे. तिला कधी धड पाहिलंही नाही." त्यांनी साखर ढवळली. "वाईट झालं."

३

रौटिओंच्या घरात एक शिरस्ता होता, जोलीननंच घातलेला. दाराच्या आत कामाचं नाव काढायचं नाही. पिस्तूल वरच्या कपाटात, मेलेली माणसं बाहेर बर्फात.

तिची आई, आइली, हेल्मीच्या बुटांचे बंद बांधत होती. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी असल्यामुळे तिची गाठ नेहमी तिरकी पडायची. गाडीच्या दारात चेंगरली होती म्हणे, जोलीनच्या जन्माआधी.

"मुम्मो, घट्ट नको," हेल्मी आजीला म्हणाली.

"घट्ट नाही बांधलं तर बर्फ आत जाईल, आणि मग अंगठा गळून पडेल, आणि मग मांजर तो पळवून नेईल."

हेल्मी खिदळली. आइली मात्र हसली नाही. बंद हातात धरूनच तिनं विचारलं, "जो, त्या पोरीचे कागद सापडले का?"

"कागद? तुला कुणी सांगितलं कागदांचं?"

"रेडिओवर म्हणाले असतील."

"आई, घरी नको म्हटलंय ना?"

आइलीनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं आणि ती सौनासाठी लाकडं आणायला बाहेर गेली. जोलीननं खिडकीतून पाहिलं, तर आई लाकडाच्या ढिगाशी नुसतीच उभी होती, हात काखेत घालून. थंडी वाजत असेल, तिला वाटलं.

फोन वाजला. गावाबाहेर, चाकांवरच्या एका घरात, म्हातारा रेनविक साथर सापडला होता. तो अजून जिवंत होता, पण फार वेळ काढेल असं दिसत नव्हतं.

४

साथर पूर्वी कॉलेजच्या होड्यांची देखभाल करायचा. त्याला त्याच्याच खुर्चीला बांधलं होतं. दोन्ही हातांची बोटं हातोड्यानं एकेक करून ठेचली होती आणि मग तोंडावर मारलं होतं. मारणाऱ्याला उत्तर हवं होतं, आणि ते मिळत नव्हतं, हे त्या हातांवरून कळत होतं. जोलीन त्याच्या खुर्चीशी वाकली.

"रेनविक, मी आइलीची मुलगी. कोण होता?"

"तोंडावर फडकं..." म्हाताऱ्याच्या ओठांतून रक्ताचा फुगा आला. "सारखा एकच. 'पोरीला काय सांगितलंस? शेडमध्ये काय पाहिलंस?' अगं, मी त्या पोरीला ओळखत नाही. कधी भेटलोच नाही."

"आवाज कुणाचा?"

त्यानं मान हलवायचा प्रयत्न केला. रुग्णवाहिका पुलापर्यंत पोचायच्या आत तो गेला.

जोलीन गाडीत बसून राहिली. हातांना लागलेलं रक्त सुकून कातडी ताणली जात होती. जो माणूस मॅरेनला भेटलाच नाही, त्याला साक्षीदार म्हणून का मारलं? त्याचं नाव मारणाऱ्यानं कुठून उचललं?

फोर्तिए बाईंचा निरोप आला. मॅरेनच्या वडिलांनी सही केली होती.

५

फोर्तिएंनी प्रत पुढं ठेवली. जोलीननं आधी शेवटचं पान उघडलं, कारण चोरीला तेच गेलं होतं.

ती संदर्भांची यादी होती. एक पुस्तक, न्यायालयाचा अहवाल, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, एक संकेतस्थळ. आणि मधेच, एखाद्या माणसानं हात वर करावा तसं एकच नाव: 'साथर, रेनविक. ध्वनिमुद्रित मुलाखत. कॉलेज ग्रंथालयाचा आठवणींचा संग्रह.'

"हे काय?"

"जुनी फीत आहे. ग्रंथालयानं गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं होतं. मॅरेननं ती ऐकली असेल. तो होड्या कशा रंगवायच्या त्याबद्दल बोलतो सगळा वेळ."

"म्हणजे तो साक्षीदार नव्हे. मग ती ज्या माणसाशी प्रत्यक्ष बोलली, त्याचं नाव यादीत का नाही?"

"कारण ते तिथं येतच नाही." फोर्तिएंना नवल वाटलं. "यादी वाचकासाठी असते. त्यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही उठून शोधू शकता. पुस्तक काढता येतं, फीत ऐकता येते. पण दोन माणसं चुलीशी बसून काय बोलली, ते तुम्ही कुठून काढणार? म्हणून आमच्या विषयात स्वतः केलेलं संभाषण यादीत घालत नाहीत. आत, त्या वाक्याच्या शेजारी, कंसात नाव. बस्स."

जोलीन हळूच म्हणाली, "आणि साहित्यात?"

"साहित्यवाल्यांचं वेगळं. ते सगळं शेवटच्या यादीत घालतात. संभाषण असो नाही तर शिलालेख."

जोलीनच्या डोक्यात एकेक दार उघडत गेलं. मारणाऱ्याला साक्षीदाराचं नाव हवं होतं. त्यानं शेवटचं पान फाडलं आणि ज्या पानांत नाव होतं ती रक्तात सोडून दिली. त्या पानावर माणसाची म्हणता येईल अशी एकच नोंद होती, ती त्यानं साक्षीदाराची धरली आणि एका निरपराध म्हाताऱ्याची बोटं ठेचली. टोबिननं हे केलं नसतं. याच एका नियमावरून त्याचे गुण गेले होते. फोर्तिएंनी केलं नसतं. नियम त्यांचाच होता, आणि प्रत त्यांच्या टेबलावर पडली होती. टेबलावर बातमी ऐकलेले बाकीचे दोघं शिकागोला होते. राहिला एक. ज्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की नाव शेवटच्या पानावर नसेल, तर ऐकलंच नाही असं मी धरतो. जन्मभर पोरांना शिकवलेल्या सवयीनंच त्याचा हात शेवटच्या पानावर नेला होता.

"बाई, व्हिटकॉम कुठं आहेत?"

"ॲल्डन? आत्ताच येऊन गेला की. मॅरेनच्या नावानं निबंधाचं पारितोषिक ठेवायचं म्हणत होता. शिक्षकाला दाखवायला सही लागत नाही, म्हणून मी त्याला प्रत वाचू दिली. त्यानंही तुमच्यासारखंच विचारलं, साक्षीदाराचं नाव कुठाय म्हणून." फोर्तिए थांबल्या. त्यांच्या ओठांचा रंग उडाला. "मी हसले. म्हटलं, ॲल्डन, मागं काय शोधतोस, आत बघ."

जोलीन पानं उलटत होती. तिसऱ्या पानावर ओळ सापडली.

'साक्षीदार शेडच्या सरकत्या दारामागं लपली होती. मारेकऱ्यानं बाहेर पडताना दार लोटलं तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं दारात चिरडली. तो चौकटीपलीकडे उभा राहून श्वास घेत होता. तो जाईपर्यंत तिनं आवाज केला नाही.'

त्यापुढं कंस होता. जोलीननं तो वाचला, आणि खुर्ची मागं कोसळली तेव्हा तिला कळलं की आपण उभ्या राहिलोय.

(आ. रौटिओ, व्यक्तिगत संभाषण)

६

घरचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

जोलीननं गाडी तळ्याच्या रस्त्याला अशी घातली की दोनदा चाकं बर्फावरून सुटली. अंगणात व्हिटकॉमची गाडी होती, दार उघडं. घराचं दार कुऱ्हाडीनं फोडलेलं. स्वयंपाकघरात ओट्यावर कालवलेलं पीठ, जमिनीवर रक्त, आणि त्या रक्तात एक छोटा बूट. त्याच्या बंदाची गाठ तिरकी होती.

तिनं पिस्तूल उपसलं. मग किंकाळी ऐकू आली. सौनाकडून.

किंकाळी पुरुषाची होती.

ती धावली. बर्फात रक्ताची रेघ घरापासून सौनापर्यंत गेली होती. ॲल्डन व्हिटकॉम सौनाच्या जाड दाराशी गुडघ्यावर पडला होता. कुऱ्हाड हातातून सुटून बाजूला पडली होती, कारण उजवा हात मनगटापर्यंत दारात अडकला होता. आतून कुणीतरी सगळा भार घालून दार दाबून धरलं होतं. तो दुसऱ्या हातानं लाकूड ओरबाडत होता, आणि चार खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असा ओरडत होता.

त्यानं जोलीनला पाहिलं आणि डावा हात कुऱ्हाडीकडे नेला. जोलीननं पिस्तुलाचा दस्ता त्याच्या कानशिलावर हाणला. मग पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा आतून बारीक आवाज आला, "मुम्मो, ते आजोबा गेले का?" आणि तिचा हात खाली आला. तिनं बेड्या काढल्या.

"आई, सोड. मी आहे. जो."

"त्याला धरलंस?"

"धरलंय."

"नक्की?"

"आई, सोड आता."

दार सैल झालं. आइली आत उभी होती. खांद्यावर कुऱ्हाडीचा घाव, बाही रक्तानं काळी, पाठ दाराला, पाय समोरच्या बाकाला टेकलेले. वरच्या फळीवर हेल्मी, एका पायात बूट, कानांवर हात घट्ट दाबून.

"मुम्मो म्हणाली आवाज करायचा नाही," ती म्हणाली. "मी नाही केला. तेच ओरडत होते."

७

फाडलेलं शेवटचं पान व्हिटकॉमच्या कोटाच्या आतल्या खिशात मिळालं, घडी घालून. साथरच्या नावाखाली शाईची रेघ होती. कोटाची बटणं उघडल्यावर गळ्यावर नखांचे ओरखडे दिसले, मॅरेननं काढलेले. मग तो बोलला. कोरीन त्याची विद्यार्थिनी होती. त्याच्यापासून तिला दिवस गेले होते.

दवाखान्यात आइलीच्या खांद्याला टाके घातले होते. जोलीन खाटेच्या कडेला बसली, मांडीवर झोपलेली हेल्मी.

"कोरीन माझ्या खोलीत राहायची," आइली म्हणाली. "त्या रात्री उशीर झाला म्हणून मी शोधायला गेले. दारातून ऐकू आलं, ते ऐकून लपले. दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडलं. तो खलाशी मेला, मग बोलून कुणाला वाचवणार होते?"

"पण चेहरा पाहिलास ना त्याचा?"

"नाही गं." आइलीनं वाकडी बोटं चादरीवर सरळ करायचा प्रयत्न केला. "पाठ पाहिली. बूट पाहिले. बाजारात रोज समोर आला असेल तो, मी ओळखलं नसतं. हेच मॅरेनला सांगितलं होतं. तिनं लिहिलंही होतं पुढच्या ओळीत."

कंसातल्या नावावर न थांबता पुढची एक ओळ वाचली असती, तर त्याला कळलं असतं की त्याला भ्यायचं काहीच कारण नाही.

"मला का नाही सांगितलंस? त्या दिवशी तरी?"

"सांगणार होते. बुटांचे बंद बांधताना. तू म्हणालीस, घरी नको."

हेल्मीनं झोपेत कूस बदलली. जोलीननं तिचा उघडा पाय आपल्या तळहातात धरला. थोड्या वेळानं आइली म्हणाली, "ती पोरगी पाय पोटाशी घेऊन चुलीपाशी बसायची. मोजे असे एकाचा एकाला मेळ नसलेले. दोनदा आली, पाव खाल्ला. जाताना विचारलं, 'तुमचं नाव घालू का? नको म्हणालात तर नुसतं साक्षीदार लिहीन.' इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, घाल."

दुसऱ्या दिवशी जोलीननं अहवाल टंकला. पहिल्या परिच्छेदातलं पहिलंच वाक्य होतं की कोरीन डालचा खून खलाशानं केला नव्हता. साहेबांनी खांद्यावरून वाकून वाचलं. गेली तीस-पस्तीस वर्षं हेच कार्यालय उलटं सांगत आलं होतं.

"हे शोधून काढलं कुणी, असं वर विचारतील. आपण लिहू, जिल्हा पोलीस."

"मॅरेन क्विस्टनं शोधलं."

"अगं, पण आपल्या अहवालात संदर्भांची यादी नसते. शेवटी तसा रकानाच नाही."

"शेवटी नकोच," जोलीन म्हणाली. तिनं पहिल्या वाक्यापाशी परत जाऊन कंस उघडला, पोरीचं पूर्ण नाव लिहिलं, आणि कंस बंद केला.